टाकीतला वड

भैरवीच्या टाकीत साधा दगडसुद्धा परीक्षा दिल्याशिवाय जात नसे. यवतमाळच्या न्यायालयात ती लघुलेखक होती. दिवसभर साक्षीदारांची वाक्यं टिपून तिच्या कानाला एक सवय लागली होती. माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय गाळतो, इकडे तिचं लक्ष जायचं. घरी आल्यावर हीच नजर ती माशांच्या टाकीवर लावायची. बाजारातले प्लास्टिकचे किल्ले आणि गुलाबी पोवळी तिला आवडत नसत. टाकीतली सजावट ती हाताने करायची, आणि प्रत्येक वस्तू संशयित असल्यासारखी तपासायची. दगडावर आधी लिंबू पिळायचं. फेस आला की दगडात चुना आहे, तो बाद. वणीच्या एका मैत्रिणीने हौसेने आणलेले पांढरेशुभ्र दगड असेच फेसाळले आणि तुळशीच्या कुंडीत जाऊन बसले. रेतीतून लोहचुंबक फिरवायचं. लाकूड उकळून घ्यायचं. शिंपले नकोत, रंगवलेली खेळणी नकोत, चकाकी चढवलेली मातीची भांडी तर मुळीच नकोत, कारण त्या चकाकीत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्या हिवाळ्यात तिने सासऱ्यांचं गाव करायला घेतलं.

सासरे, मारोतराव, दारव्ह्याच्या पुढच्या एका खेड्यात राहत. कापूस, सोयाबीन, तुरी, दोन बैल, असा त्यांचा पसारा. एकुलता मुलगा रजत लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं दुकान चालवायचा. जळालेले पंप त्याच्याकडे यायचे आणि नव्या तारेने भरून परत जायचे. रजतने शहरातल्या, दुसऱ्या जातीच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा मारोतराव वर्षभर त्यांच्या घराची पायरी चढले नव्हते. नंतर येणंजाणं सुरू झालं, पण पाहुण्यासारखं. चहा झाला की ते घड्याळाकडे बघायचे. आता डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, यवतमाळात ऑपरेशन व्हायचं होतं, आणि पहिल्यांदाच ते राहायला येणार होते. सासूबाई, इंदूबाई, बैलांमुळे आणि कापसाच्या वेचणीमुळे गावातच थांबणार होत्या.

काय करावं म्हणजे या माणसाला आपल्या घरात बरं वाटेल, असा विचार करताना भैरवीला त्यांच्या गावची विहीर आणि तिच्याजवळचा वड आठवला. फुटक्या मडक्याची खापरं घासून तिने विहीर बांधली. नाल्यातल्या काळ्या दगडांचा पार केला. वडाचं खोड सिमेंटचं. ते तिने कितीतरी दिवस बादलीत भिजवलं, रोज पाणी बदललं, सिमेंटचा तिखटपणा उतरेपर्यंत. आतल्या सांगाड्याला न गंजणारी स्टीलची तार होती. ती तार इतकी ताठ की पारंब्या वळवता वळवता तिच्या बोटांना चिरा पडल्या. रजतने ते पाहिलं आणि अर्धवट झाड उचलून दुकानात नेलं. त्याच्याकडे पकडी होत्या, तारेचा हात होता. चौथ्या दिवशी त्याने झाड परत आणलं ते पारंब्यांसकट, वरून माशांना चालणारी पुट्टीही लावून. पारंब्या अगदी खऱ्यासारख्या लोंबत होत्या. भैरवीला भरून आलं. तिने वरून शेवटचा हात फिरवला, सुकू दिलं आणि वड टाकीत उभा केला.

मारोतराव आले तेव्हा तिने त्यांना टाकीसमोर नेलं. त्यांनी डोळे किलकिले करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, आमच्या विहिरीले असा कठडा नाई. एवढंच. भैरवी हिरमुसली, पण दुसऱ्या दिवसापासून तिने पाहिलं की ते टाकीसमोरच खुर्ची ओढून बसतात.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी आली, मग काळा चष्मा आला. सकाळी रजत आणि ती कामावर जात, दिवसभर मारोतराव घरात एकटे. आणि त्याच आठवड्यात टाकीतल्या गोगलगायी मरायला लागल्या.

आधी एक तळाशी उलटी पडलेली दिसली. मग दोन. मग इवल्या झिंग्यांपैकी एकही दिसेनासा झाला. भैरवीने पाणी बदललं, गाळणी धुतली. दोन दिवसांनी निळ्या पट्ट्याचे टेट्रा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकायला लागले, आणि त्यांतले तीन सकाळी तरंगत होते. टाकीत नवं काय आलं, याचा ती विचार करू लागली. विहीर, पार, वड. सगळं तपासून घेतलेलं, तिच्या हातून गेलेलं. त्यांच्याखेरीज टाकीत नवं काही नव्हतं. घरात मात्र एक माणूस नवा होता.

हा विचार मनात आला त्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. पण आलेला विचार काही जाईना. उलट त्याला रोज नवा आधार मिळत गेला. मारोतराव तंबाखू खात, त्यांच्या चुन्याची डबी टाकीशेजारच्या स्टुलावर असायची. चुना पाण्यात पडला तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांच्या पिशवीला फवारणीच्या औषधाचा उग्र वास होता. गावाहून येताना घरातली हाताला लागेल ती पिशवी त्यांनी घेतली असावी. एकदा ती कोर्टातून लवकर घरी आली तर टाकीचं झाकण थोडं सरकलेलं होतं आणि मारोतरावांच्या सदऱ्याची बाही मनगटाशी ओली होती. तिला बघून त्यांनी हात पाठीमागे घेतला. भांडी घासली म्हणाले. मोरीत भांडी तशीच पडली होती.

त्यानंतर ती बघायला लागली. चुन्याची डबी सकाळी किती भरलेली आहे, संध्याकाळी किती. झाकण कुठल्या बाजूला सरकलंय. काचेच्या वरच्या कडेवर एक पांढुरका डाग होता, बोटाचा असावा असा. तिने तो पुसला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा दिसला. ते तिच्यासमोर कधीच टाकीला हात लावत नसत, आणि नेमकं हेच तिला खुपत होतं. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस टाकीवर एखादं बोट तरी टेकवेल. लग्नाच्या वेळचं त्यांचं ते वर्षभराचं मौन तिला आठवायचं. काही माणसं राग गिळत नाहीत, साठवून ठेवतात, असं तिला वाटायचं. मग त्यांच्या डोळ्यात थेंब टाकताना त्यांचा सुरकुतलेला, विश्वासाने वर केलेला चेहरा दिसायचा, आणि आपण काय विचार करतोय म्हणून ती हादरायची. थेंब टाकून झाले की ती परत झाकणाकडे बघायची.

रजतला तिने सरळ काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की बाबांना सांग, टाकीजवळ तंबाखू मळू नका. रजत हसला आणि म्हणाला, सगळंच काढून टाक ना त्यातलं, झाडंबिडं. नुसते मासे ठेव, साधी टाकी. तिला ते लागलं. एवढ्या मेहनतीने केलेला वड, त्यातल्या अर्ध्या पारंब्या त्याच्याच हातच्या, आणि हा म्हणतो काढून टाक.

शनिवारी ती बसस्टँडजवळच्या माशांच्या दुकानात गेली. दुकान अश्वजित नावाच्या तिच्या ओळखीच्या माणसाचं होतं. नवे मासे, खाद्य, सगळं ती तिथूनच न्यायची. तिने मेलेल्यांचा क्रम सांगितला. अश्वजित म्हणाला, आधी गोगलगायी आणि झिंगे गेले म्हणजे कुठेतरी तांबं असू शकतं, त्यांना ते सगळ्यात आधी बाधतं. एखादं नाणं, नळाचा तुकडा, पूजेचं काही. भैरवी म्हणाली, शक्यच नाही, माझ्या टाकीत तांबं नाही. त्याने खांदे उडवले. मग घरात कुणी फवारलं असेल, म्हणाला, किंवा कुणी काही टाकत असेल. हे दुसरं वाक्यच तिच्याबरोबर घरी आलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने ते रजतला सांगितलं. तांब्याचंही सांगितलं, हसत, कसे लोक काहीही बोलतात म्हणून. रजत पोळीचा घास मोडत होता. त्याचा हात जरा थांबला.

"तू एवढी तपासून घेतेस," तो म्हणाला. "तांबं कुठून येईल?"

"तेच ना. म्हणजे कुणीतरी टाकतंय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे रजतने विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत मारोतरावांचा खोकला ऐकू आला आणि भैरवी पोळ्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रजत सकाळीच दुकानाकडे गेला होता. भैरवी अंघोळीहून आली तेव्हा मारोतराव टाकीवर वाकले होते, झाकण उघडं होतं आणि त्यांची मूठ पाण्यावर होती. ती दारातच उभी राहिली. त्यांनी मूठ उघडली, काहीतरी पाण्यात गेलं, आणि ते खुर्चीत बसले. ती पुढे आली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून कोरडा निघाला.

"मामाजी, तुम्ही टाकीत काही टाकलंत का?"

त्यांनी काळ्या चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं.

"नाई बा. मी कायले टाकू?"

एवढंच बोलणं झालं. पण तिने त्यांच्यासमोरच चुन्याची डबी उचलून आतल्या फळीवर ठेवली, आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. मारोतराव ते सगळं बघत होते. कोर्टात आरोपी कधी कधी असे बघतात, खालच्या मानेने, आपल्याबद्दल लिहिलं जातंय ते.

सोमवारी सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. वेचणीले माणूस भेटत नाई म्हणते रजतची माय, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या तपासणीला यायला लागेल, भैरवी म्हणाली. येईन, ते म्हणाले. रजत त्यांना मोटरसायकलवर गावाकडे जाणाऱ्या जीपपाशी सोडून आला. परतल्यावर तो म्हणाला, जाऊ दे, त्यांना इथे करमत नाही. भैरवीच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता मासे वाचतील, असं तिला वाटलं.

मासे वाचले नाहीत. मारोतराव गेल्यावर उरलेले टेट्रा गेले, मग गप्पी मासे एकेक करून तळाला बसायला लागले. घरात आता कुणी परकं नव्हतं. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. भैरवीने कोर्टातून अर्धा दिवस रजा टाकली, उरलेले गप्पी एका स्वच्छ बादलीत काढले आणि टाकी रिकामी करायला घेतली. मारोतरावांची खुर्ची अजून तिथेच होती. तिने ती बाजूला सरकवली.

खापरांची विहीर तिने बाहेर काढून हुंगली. दगडांवर पुन्हा लिंबू पिळलं. गाळणीची वायर तपासली. मग वड हातात घेतला. एका पारंबीच्या टोकाशी पुट्टीला बारीक चीर गेली होती, आणि चिरेत काहीतरी हिरवट-निळं होतं. शेवाळ असेल म्हणून तिने नखाने खरवडलं. ते शेवाळ नव्हतं. नखाखाली चुरा आला. तिने पकड आणली आणि पारंबी मोडली. आतली तार लालसर होती. वरचा पातळ लेप जिथे जिथे पिळताना सोलला होता तिथे ती हिरवी झाली होती. मोटारीत भरतात ती तांब्याची तार. तिने दुसरी पारंबी मोडली, तिसरी मोडली. रजतने वळवलेल्या सगळ्यांत तीच तार.

ती बराच वेळ ओल्या फरशीवर बसून राहिली. आधी तिला वाटलं ते साधंच होतं: चूक झाली, न कळत झाली. स्टीलची तार संपली असेल, हाताशी होती ती वापरली असेल, वरून लेप आहे, पुट्टी आहे, काय होतं म्हणून. हे तिला समजू शकत होतं. मग तिला स्वयंपाकघरातला तो घास आठवला. तांबं हा शब्द आल्यावर थांबलेला हात. सगळंच काढून टाक ना, झाडंबिडं, हे त्या आधीचं वाक्य. आणि कुणीतरी टाकतंय असं ती म्हणाली तेव्हाची त्याची शांतता.

रजत संध्याकाळी आला तेव्हा मोडलेल्या पारंब्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या आणि चपलेसकट तिथेच उभा राहिला.

"कधी लक्षात आलं तुझ्या?" तिने विचारलं.

तो म्हणाला की पातळ पारंब्यांना स्टीलची तार वळतच नव्हती, म्हणून घेतली. लेप असतो त्या तारेला.

"मी ते विचारलं नाही, रजत. कधी लक्षात आलं?"

तो खुर्चीत बसला. मासे मरायला लागले तेव्हाच मनात शंका आली होती, असं त्याने सांगितलं. म्हणून झाड काढ म्हणालो. तू तांब्याचं बोललीस तेव्हा खात्री झाली. सांगणार होतो. पण तू एवढं सगळं तपासून करतेस आणि मी एका तारेसाठी तुझं सगळं मारलं, हे कसं सांगायचं? आणि मग बाबा निघालेच होते.

"निघाले नव्हते. मी घालवलं त्यांना. आणि तू गाडीवर बसवून सोडून आलास."

त्याने मान खाली घातली. भैरवीला रडू आलं नाही. तिला एक विचित्र थंडपणा जाणवत होता. सासऱ्यांवर ती दिवस दिवस डोळा ठेवून होती, आणि नवऱ्याकडे तिने एकदाही तशा नजरेने पाहिलं नव्हतं. आता यापुढे बघावं लागेल की काय, असं तिला वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली.

रविवारी ते दोघं गावी गेले. मी एकटी जाते म्हणून ती हटून बसली होती, पण रजत म्हणाला, मी बोलतो. मारोतराव ओसरीत बसले होते, डोळ्यावर काळा चष्मा. इंदूबाईंनी पाणी दिलं आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्या आत गेल्या नाहीत, उंबऱ्यातच बसल्या.

रजतने सांगायला सुरुवात केली. तार, पुट्टी, गोगलगायी. मध्येच तो अडखळला तेव्हा भैरवी म्हणाली, तांब्याचं कळल्यावरही गप्प बसलास ते सांग. त्याने तेही सांगितलं. मग ती स्वतः बोलली. मामाजी, मी तुमच्यावर संशय घेतला. चुन्याची डबी उचलली ती त्यासाठीच. चिकटपट्टी लावली ती त्यासाठीच. माझं चुकलं.

मारोतरावांनी भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाले, "टाकत तं होतो म्या. कणकीच्या बारीक गोया. रजत नाई म्हणे, शहरातल्या मासोयांले पचत नाई म्हणे. पण त्या काचेपाशी येऊन तोंडं उघडून राह्यल्या होत्या. दिवसभर घरात दुसरं कोण होतं माह्यासंगं?"

म्हणजे काचेवरचा तो पांढरा डाग कणकेचा होता. ओली बाही त्यासाठी होती. ते खोटं बोलले होते, हे तिचं बरोबरच होतं. फक्त त्या खोट्याच्या मागे विष नव्हतं.

"मीबी खोटंच बोललो तुह्याशी," ते म्हणाले. "मंग तुले शंका येईनच."

रजत म्हणाला, बाबा, चला आमच्याबरोबर. तपासणी जवळ आली आहे. मारोतरावांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा अजून लाल होता. त्या डोळ्याने त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं.

"तिच्यासाठी मी परका. तिले शंका आली, चाललं. तुले तं सारं मालूम होतं. अन् तरी तू मले जीपमंधी बसवून देल्लं."

इंदूबाई उठून चुलीकडे गेल्या. जेवणं झाली, वांग्याची भाजी आणि भाकरी, आणि जेवताना सगळे कापसाबद्दल आणि बैलांबद्दल बोलत राहिले. निघताना भैरवी मारोतरावांच्या पाया पडली. ते येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. मारोतराव बसस्टँडवर होते. आपले आपले जीपने आले होते. तिने कोर्टात कळवलं आणि रिक्षा करून त्यांना घ्यायला गेली. डॉक्टरांनी डोळा चांगला आहे म्हटलं. दुपारी तिने विचारलं, रजतला फोन करू का. नको करू, कामात असन, ते म्हणाले. त्यांनी मुलाला न सांगता तिला फोन केला होता, हे तिच्या मनात दिवसभर फिरत राहिलं. तिला बरं वाटत होतं आणि बरं वाटण्याची लाजही वाटत होती. मधूनच ते आपल्याला पारखतायत का, असंही तिला वाटून जायचं. एकदा ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कपाकडे आणि मग तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि मग चहा प्यायले.

रजत अंधार पडता पडता घरी आला. दारातल्या जुन्या वहाणा ओळखून तो थबकला. आत आला, बापाच्या पायाला हात लावला, डोळ्याचं विचारलं. बराय, मारोतराव म्हणाले. भैरवीने पानं घेतली. रजत हातपाय धुऊन आला आणि कुठे बसावं हे न कळून भिंतीशी उभा राहिला. तिने त्याला बस म्हटलं नाही. हे तिचं नव्हतं, त्या दोघांचं होतं. मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. वाढलेल्या पानावरून हात फिरवून त्यांनी मीठ कुठे आहे ते चाचपलं. मग सतरंजीवर आपण जरा सरकले, आणि शेजारी एका माणसापुरती जागा झाली.